पत्र्याच्या काठावर लाट रूप बदलते तेव्हा

दोन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या. त्यातून ताण-दाबाची लाट मोकळ्या काठाकडे अशी पाठवा की काठावरच्या लंबाशी तिचा ६० अंशांचा कोन होईल. परत येताना ती ताण-दाबाची लाट उरतच नाही. जवळजवळ सगळी ऊर्जा आडव्या हेलकाव्याच्या लाटेत जाते, आणि ही नवी लाट ६० नव्हे तर ३० अंशांवर निघते. काठ साधा, सरळ कापलेला. त्यावर काही चिकटवलेलं नाही, खाचा पाडलेल्या नाहीत.

अल्ट्रासोनिक तपासणी करणाऱ्यांना या प्रकाराचा अनुभव बहुतेक वेळा त्रास म्हणूनच येतो. स्क्रीनवर नको त्या वेळी प्रतिध्वनी दिसतो आणि चांगल्या भागावर ‘दोष’ असा शिक्का बसतो. पण हे रूपांतर नेमक्या नियमांनी बांधलेलं आहे. नियम माहीत असले की ते टाळता येतं, हवं तेव्हा घडवताही येतं, आणि किती घडावं हेही बऱ्याच अंशी ठरवता येतं.

पत्र्यातल्या तीन लाटा

जाड धातूच्या ठोकळ्यात दोन प्रकारच्या लाटा धावतात. एकीत कण लाटेच्याच दिशेने पुढेमागे होतात, दुसरीत ते लाटेला आडवे हलतात. पत्रा पातळ असला की वरचा आणि खालचा पृष्ठभाग सतत आड येतो आणि या दोन्हींच्या मिश्रणातून पत्र्याच्या स्वतःच्या लाटा तयार होतात. त्यांचं गणित होरेस लँब यांनी १९१७ साली मांडलं, म्हणून त्यांना लँब लाटा म्हणतात.

कमी वारंवारितेला पत्र्यात तीनच लाटा पुढे जाऊ शकतात. पहिली एस-झिरो: पत्रा आपल्याच तळात ताणला आणि दाबला जातो, वरची आणि खालची बाजू सारखीच हलते. दुसरी ए-झिरो: पत्रा वरखाली वाकत जातो. तिसरी एसएच-झिरो: कण पत्र्याच्या तळातच, पण लाटेला आडवे सरकतात. पत्र्याची जाडी यात बदलत नाही आणि पत्रा वाकतही नाही.

‘कमी वारंवारिता’ म्हणजे किती, हे वारंवारिता आणि जाडीच्या गुणाकारावर ठरतं. ॲल्युमिनियममध्ये हा गुणाकार सुमारे १.५६ मेगाहर्ट्झ-मिलिमीटर झाला की पुढचे मोड, म्हणजे लाटांचे आणखी प्रकार, सुरू होतात. २ मिलिमीटर पत्रा आणि २०० किलोहर्ट्झ घेतले तर गुणाकार ०.४ येतो, म्हणजे आपण सुरक्षित आहोत. पुढचे बहुतेक आकडे याच पत्र्याचे आणि याच वारंवारितेचे आहेत.

इथे एस-झिरोचा वेग सेकंदाला साधारण ५४०० मीटर, एसएच-झिरोचा ३१२० मीटर. ए-झिरोचं जरा वेगळं आहे. तिचा वेग वारंवारितेनुसार बदलतो. २०० किलोहर्ट्झला तिचे शिखर-खळगे सुमारे १७०० मीटरने सरकतात, तर लाटांचा पुंजका म्हणजे ऊर्जा सुमारे २७०० मीटरने. तरंगलांबी अनुक्रमे २७, १५.६ आणि ८.६ मिलिमीटर. हे तीन आकडे जवळ लिहून ठेवावेत, पुढची सगळी मापं त्यांवरूनच निघतात.

काठावर दुसरी लाट का लागते

कॅरमच्या कडेला आपटलेली सोंगटी सोंगटीच राहते आणि आल्या कोनात परत जाते. घन पदार्थातल्या लाटेला ही सोय नाही, कारण मोकळा काठ तिच्यावर दोन अटी घालतो. काठावर लंब दिशेचा ताण शून्य हवा आणि काठाला समांतर सरकवणारा ताणही शून्य हवा. काठाबाहेर हवा आहे, ती ना ओढ देते ना घर्षण.

तिरकी आलेली एस-झिरो लाट काठावर दोन्ही प्रकारचे ताण निर्माण करते. परतणारी लाट एकच असेल तर बदलायला आपल्या हाती एकच राशी उरते: तिची उंची. एका राशीने दोन अटी भागत नाहीत. म्हणून निसर्गाला दुसरी लाट सोडावीच लागते, आणि ती म्हणजे एसएच-झिरो. लाट काठावर अगदी सरळ, लंब दिशेने आली तर सरकवणारा ताण मुळातच नसतो; मग एकच लाट पुरते आणि रूपांतर होत नाही.

मग ए-झिरो का निघत नाही? कारण सममिती. पत्र्याच्या जाडीच्या बरोबर मधून एक तळ कल्पिला तर एस-झिरो आणि एसएच-झिरो या तळाच्या दोन्ही बाजूंना सारख्या असतात, ए-झिरो मात्र उलटसुलट. काठही त्या तळाभोवती सारखाच, म्हणजे सरळ उभा कापलेला असेल, तर सारख्यातून उलटं निघायला काही कारणच उरत नाही. याच नियमाने ए-झिरो अशा काठावरून पूर्णपणे ए-झिरो म्हणूनच परतते, कोन कोणताही असो. काठाजवळ थोडं वाकणं साचतं, पण ते काही मिलिमीटरांत विरतं आणि ऊर्जा घेऊन दूर जात नाही.

पहिला प्रश्न म्हणून नेहमी सममितीच तपासावी. ‘हे रूपांतर होऊ शकतं का’ याचं उत्तर तिथेच मिळतं, आकडेमोडीशिवाय. अनेकदा लोक थेट संगणकावर मॉडेल चालवतात आणि दोन दिवसांनी कळतं की उत्तर शून्य येणारच होतं.

कोन आणि प्रमाण

परतणाऱ्या लाटेचा कोन शाळेतल्या अपवर्तनाच्या नियमासारखाच निघतो. काठालगत दोन्ही लाटांची पावलं जुळायला हवीत, म्हणून कोनाची ज्या (साइन) भागिले वेग हे गुणोत्तर दोघींना समान. एस-झिरो ६० अंशांवर आली तर ज्या ०.८६६, तिला ३१२० ने गुणून ५४०० ने भागलं की ०.५, म्हणजे ३० अंश. एसएच-झिरो हळू चालते, म्हणून ती नेहमी लंबाच्या अधिक जवळून निघते.

किती ऊर्जा बदलते, हे मात्र दोन अटींची समीकरणं सोडवूनच कळतं. पातळ पत्र्यात ती समीकरणं हुबेहूब भूकंपशास्त्रातल्यासारखी आहेत. तिथे जमिनीच्या पृष्ठभागावर येणाऱ्या प्राथमिक आणि दुय्यम लाटांसाठी ती वापरतात. फरक एवढाच की पदार्थाच्या प्वासाँ गुणोत्तराच्या (लांबीत ताणल्यावर तो रुंदीत किती आकसतो याचं प्रमाण) जागी त्याच गुणोत्तराला एक अधिक स्वतःने भागून येणारा आकडा घालायचा. ॲल्युमिनियमचं गुणोत्तर ०.३३, जवळजवळ एक तृतीयांश. भागून येतात ०.२५. हाच तो आकडा, ज्याला ६० अंशांवर एस-झिरोचं परावर्तन नेमकं शून्य होतं.

१५ अंशांवर सुमारे १९ टक्के ऊर्जा एसएच-झिरोत जाते. ३० अंशांवर ६१ टक्के. ४५ अंशांवर ९२ टक्के. त्यापुढे ५५ पासून ८० अंशांपर्यंतच्या पट्ट्यात ९९ टक्क्यांहून जास्त. या पट्ट्यात परावर्तन दोनदा शून्य होतं, एकदा ६० अंशांवर आणि पुन्हा ७७ अंशांच्या थोडं पुढे, आणि मधल्या भागातही ते फारसं डोकं वर काढत नाही. ८५ अंशांवर साधारण १३ टक्के एस-झिरो परत दिसते आणि ९० कडे जाताना रूपांतर संपतं.

प्रयोग करणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात सोयीची गोष्ट हीच आहे. पूर्ण रूपांतर म्हटलं की सुईच्या अग्राएवढा नेमका कोन डोळ्यांसमोर येतो, पण इथे तब्बल २५ अंशांची मोकळीक आहे. शिवाय हा कोन वारंवारितेवर अवलंबून नाही, जाडीवरही नाही. फक्त प्वासाँ गुणोत्तरावर आहे. पोलादाचं गुणोत्तर ०.२९ धरलं तर पहिला शून्यबिंदू ५४ अंशांच्या आसपास येतो आणि दुसरा ८२ च्या. गुणोत्तर ०.३६ च्या वर गेलं की शून्यबिंदूच नाहीसे होतात. शिशासारख्या मऊ धातूत किंवा बऱ्याच प्लास्टिकच्या पत्र्यांत म्हणूनच रूपांतर मोठं होतं, पण पूर्ण होत नाही.

उलटा प्रवासही तितकाच खरा. एसएच-झिरो ३० अंशांवर पाठवली तर ती सगळी एस-झिरो होऊन ६० अंशांवर निघते. आणि एसएच-झिरोचा कोन ३५.३ अंशांच्या पुढे नेला तर एस-झिरोला निघायला कोनच शिल्लक राहत नाही. मग एसएच-झिरो संपूर्ण एसएच-झिरो म्हणूनच परतते. ज्यांना रूपांतर नकोच आहे त्यांच्यासाठी हा सर्वात स्वस्त उपाय: तपासणीसाठी एसएच-झिरो वापरा आणि काठावरच्या लंबाशी तिचा कोन ३५.३ अंशांच्या वर ठेवा.

६० अंशांची जोडी आणखी एका बाबतीत गंमतशीर आहे. परतणारी लाट हळू चालते, पण तिचा झोत १.७३ पट रुंद होतो; या दोन गोष्टी एकमेकींना इतक्या बरोबर खोडतात की कणांच्या हालचालीची उंची आली तेवढीच राहते.

टेबलावर करून पाहायचं तर

एक मीटर बाय एक मीटर, २ मिलिमीटर जाड पत्रा पुरतो. वजन साधारण ५.४ किलो. भोसरी-चाकण पट्ट्यात पत्रा कापून देणारे वर्कशॉप शोधावे लागत नाहीत. पण काठ कसा कापला आहे ते पाहून घ्या. कातरीच्या मशीनवर कापलेल्या पत्र्याला एका बाजूला गोलाई आणि दुसऱ्या बाजूला बर, म्हणजे धातूची धारदार कोर, येते. म्हणजे मधल्या तळाभोवतीची सममिती गेली आणि ए-झिरो शिरायला वाट मिळाली. २०० किलोहर्ट्झला हा परिणाम लहान असतो, वारंवारिता वाढवली की बोचू लागतो. परीक्षेचा एक काठ मिलिंग करून घ्यावा, निदान कानस मारून काटकोनात आणावा. बाकीचे तीन काठ कसेही चालतील.

पत्रा टेबलावर थेट ठेवू नका. फोमच्या चार तुकड्यांवर ठेवा आणि परीक्षेचा काठ पूर्ण अधांतरी असू द्या. काठाला टेकलेलं बोटसुद्धा ए-झिरोची उंची बदलतं.

लाट सोडायला १० मिलिमीटर व्यासाची, अर्धा ते एक मिलिमीटर जाडीची पीझेडटी चकती (वीज दिली की आकार बदलणारं सिरॅमिक) घ्या. बझरच्या पितळी पाठीच्या चकत्या पुण्यात तापकीर गल्लीत सहज मिळतात, पण त्यांची पितळी थाळी स्वतःच वाकते आणि ए-झिरोच जास्त सोडते; नुसती सिरॅमिक चकती मागवलेली बरी. ती सायनोॲक्रिलेट गोंदाने चिकटवा, थर शक्य तितका पातळ. गोंदात हवेचा बुडबुडा राहिला तर चकती एका अंगाला जास्त ढकलते आणि लाट सगळ्या दिशांना सारखी जात नाही.

एकाच बाजूला चिकटवलेली चकती एस-झिरो आणि ए-झिरो दोन्ही सोडते. ए-झिरो घालवायचे दोन मार्ग. एक, पत्र्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर चकत्या लावून दोन्ही एकदम प्रसरण पावतील अशा जोडणे. ध्रुव उलटे जोडले गेले तर नेमकं उलट होतं, एस-झिरो जाते आणि ए-झिरो उरते. दुसरा मार्ग फुकटचा आहे. चकतीचा आकार आणि ए-झिरोची तरंगलांबी यांचं प्रमाण विशिष्ट असलं की चकती ए-झिरोला जवळजवळ ढकलूच शकत नाही. १० मिलिमीटर चकती आणि २ मिलिमीटर पत्रा यांसाठी हे गणिताने २१५ किलोहर्ट्झच्या आसपास येतं. गोंदाच्या थरामुळे ते थोडं सरकतं, म्हणून १८० ते २४० किलोहर्ट्झ फिरवून ए-झिरो कुठे सर्वात लहान होते ते पाहावं आणि तिथेच थांबावं.

सिग्नल म्हणून पाच आवर्तनांचा, दोन्ही टोकांना निमुळता केलेला स्पंद. २०० किलोहर्ट्झला तो २५ मायक्रोसेकंदांचा होतो. ऑसिलोस्कोपवर सेकंदाला एक कोटी नमुने पुरेत, आणि काहीशे मोजण्यांची सरासरी घ्या.

आता जागा. परीक्षेच्या काठापासून १५० मिलिमीटरवर स्रोत. ६० अंशांची रेषा काठाला २६० मिलिमीटर पुढे लागते. तिथून ३० अंशांनी निघालेली रेषा आणखी १५० मिलिमीटर पुढे, काठापासून २६० मिलिमीटर अंतरावर पोहोचते, तिथे ग्राहक. दोन्ही रेषा बरोबर ३०० मिलिमीटरच्या होतात आणि त्यांच्यात काटकोन असतो. स्रोत डाव्या काठापासून ३०० मिलिमीटर ठेवला तर बाजूच्या काठांवरून येणारे प्रतिध्वनी १८४ मायक्रोसेकंदांनंतरच पोहोचतात.

वेळा आधीच काढून ठेवा. स्रोताकडून थेट येणारी एस-झिरो ७९ मायक्रोसेकंदांना. काठावरून एस-झिरो म्हणूनच परतलेली १०७ ला. तिचा काठाशी कोन ४५ अंश पडतो, म्हणून ती क्षीण असेल. एसएच-झिरो झालेली लाट १५२ ला. आणि ए-झिरो नीट दाबली नसेल तर ती थेट १५७ च्या सुमारास येऊन बरोबर या लाटेवर बसते. वरची सगळी खटपट याचसाठी. हे आकडे स्पंद सुरू होण्याचे आहेत. शिखर वाचत असाल तर १२ ते १३ मायक्रोसेकंद मिळवा.

सर्वात जास्त फसवणूक ग्राहकाशी होते. स्रोतासारखीच गोल चकती ग्राहक म्हणून लावली तर १५२ ला काहीच दिसत नाही आणि ऊर्जा कुठे गेली असा प्रश्न पडतो. साधी पीझेडटी चकती तिच्या खालच्या क्षेत्रफळात झालेला बदल मोजते. एसएच-झिरोमध्ये एका तिरक्या दिशेला ताण आणि तिच्या काटकोनात तितकाच दाब असतो. क्षेत्रफळ बदलतच नाही. चकती चौकोनी केली, तिरकी लावली, तरी उत्तर शून्यच. पत्र्याला लंब दिशेने बघणारा लेझर व्हायब्रोमीटरही आंधळा, कारण पत्रा वरखाली होतच नाही. इथे घासणीच्या, म्हणजे आडव्या सरकण्याच्या, दिशेने ध्रुवित केलेली पीझेडटी वडी लागते, ५ मिलिमीटरच्या आसपासची, म्हणजे एसएच-झिरोच्या अर्ध्या तरंगलांबीपेक्षा लहान. तिचा संवेदनशील अक्ष येणाऱ्या किरणाला आडवा ठेवायचा. खात्री करायची असेल तर दुसरी वडी शेजारी, पण ९० अंश फिरवून चिकटवा: १५२ चा सिग्नल जवळजवळ जायला हवा आणि १०७ चा वर यायला हवा. तसं झालं नाही तर तुम्ही ए-झिरोच मोजत आहात.

अशी वडी नसेल तर थोडं फिरून जाता येतं. एकमेकींना समांतर दोन काठ असलेली पट्टी घेतली तर पहिल्या काठावर एस-झिरोची एसएच-झिरो होते, दुसऱ्या काठावर ती पुन्हा ३० अंशांनीच आपटते आणि परत एस-झिरो होते. मग साधी चकतीही ती पकडते, फक्त उशिरा.

तापमानाचा मुद्दा पुण्यात सोडून चालत नाही. पंख्याखालच्या प्रयोगशाळेत मे महिन्याची दुपार आणि डिसेंबरची सकाळ यांत २५–३० अंशांचा फरक सहज पडतो. ॲल्युमिनियममध्ये लाटेचा वेग त्यामुळे अर्धा ते एक टक्का बदलतो, म्हणजे १५२ मायक्रोसेकंदांवर साधारण एक मायक्रोसेकंद. जुन्या मोजणीतून नवी मोजणी वजा करून दोष शोधणाऱ्यांचा इतक्यानेही घात होतो. रूपांतराचा कोन मात्र हलत नाही. दोन्ही वेग जवळजवळ सारख्याच प्रमाणात घटतात.

काठ घडवून रूपांतर घडवणे

सरळ काठावर दोन मर्यादा आहेत. लंब दिशेने आलेल्या लाटेचं रूपांतर होत नाही आणि ए-झिरो तर कुठल्याच कोनात मिळत नाही. पहिली मर्यादा काठाला दाते पाडून ओलांडता येते, दुसरी मधल्या तळाची सममिती मोडून.

दात्यांचं अंतर हा यातला कळीचा आकडा. ठरावीक अंतराने दाते असलेला काठ लाटेला काठालगत जादा पावलं देतो. लंब दिशेने एस-झिरो आली तर बाहेर पडणाऱ्या लाटेच्या कोनाची ज्या म्हणजे तिची तरंगलांबी भागिले दात्यांमधलं अंतर. अंतर २० मिलिमीटर घेतलं तर एसएच-झिरोसाठी १५.६ भागिले २०, म्हणजे ०.७८, कोन ५१ अंश. एस-झिरोसाठी हाच भागाकार एकाहून मोठा येतो, म्हणजे तिला तिरकं निघताच येत नाही. म्हणून अंतर १५.६ आणि २७ मिलिमीटर यांच्या मध्येच निवडायचं. त्याहून कमी घेतलं तर काठ लाटेला सरळच भासतो. जास्त घेतलं तर एस-झिरोही बाजूंना फुटते.

सरळ परत जाणारी एस-झिरो मात्र अजून शिल्लक आहे. तिला मारायला दात्याची खोली वापरतात. दात्याच्या टोकावरून आणि दोन दात्यांमधल्या तळावरून परतणाऱ्या लाटा अर्ध्या तरंगलांबीने मागेपुढे झाल्या की एकमेकींना खोडतात. त्यासाठी खोली पाव तरंगलांबी हवी. अरुंद दात्यात वेग पत्र्यातल्यापेक्षा थोडा कमी, सुमारे ५०९० मीटर असतो, कारण दाता बाजूंना मोकळेपणाने आकसू शकतो. म्हणून पहिला अंदाज ६.४ मिलिमीटर, ६.७५ नाही. १० मिलिमीटर रुंद दाते, १० मिलिमीटर फट, ६ ते ७ मिलिमीटर खोली इथून सुरुवात करावी आणि पुढचं संगणकावर ठरवावं. इतक्या आखूड दात्यांना स्वतःचे हेलकावे असतात आणि ते हा साधा हिशेब बिघडवतात.

दाते दोन्ही बाजूंनी सारखे असतील तर एसएच-झिरो डावीकडे आणि उजवीकडे समसमान जाते. एकाच बाजूला हवी असेल तर दात्याची एक कड उतरती करा. आणि लंब आलेली लाट लंबच, पण एसएच-झिरो होऊन परत हवी असेल, तर दात्यांऐवजी काठाला तिरक्या, दाट फटी पाडाव्या लागतात, म्हणजे तो पट्टा एका तिरक्या दिशेला कडक आणि दुसऱ्या दिशेला मऊ होतो. अशाच तिरक्या गुणांच्या थरातून ताणाच्या लाटेचं घासणीच्या लाटेत रूपांतर सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या गटाने २०१७ मध्ये करून दाखवलं.

संगणकावर हे तपासायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. एस-झिरो आणि एसएच-झिरो या दोघींचाच प्रश्न असेल तर द्विमितीय, प्रतल-ताणाचं मॉडेल पुरेसं आहे. साध्या लॅपटॉपवर चालतं. जाळीचा एक खण सर्वात लहान तरंगलांबीच्या दहाव्या भागाहून मोठा नको, म्हणजे इथे १.५ मिलिमीटर. ए-झिरो आली की त्रिमितीय मॉडेल, खण ०.८ मिलिमीटर, जाडीत निदान चार थर, आणि हिशेबाची एकेक कालपायरी ०.१ मायक्रोसेकंदाच्या आत.

ए-झिरो हवी असेल तर

इथे तत्त्व एकच: काठावरचं बल मधल्या तळातून जाता कामा नये. पत्र्याच्या एकाच बाजूला काठालगत धातूची पट्टी चिकटवली की ताणाची लाट त्या पट्टीला ओढते, पट्टीचं जडत्व वरच्या बाजूने विरोध करतं, आणि पत्र्याला पीळ बसून तो वाकतो. म्हणजे एस-झिरोतून ए-झिरो.

पट्टी उभी, पातळ ठेवली तर ती स्वतः हेलकावते आणि तिच्या नैसर्गिक वारंवारितेला रूपांतर सर्वाधिक होतं. एक मिलिमीटर जाड आणि चार मिलिमीटर उंच ॲल्युमिनियमची पट्टी सुमारे ५० किलोहर्ट्झला वाजते. प्रत्यक्षात थोडी खाली, कारण तिचा पाया म्हणजे पत्रा स्वतःच लवचीक असतो. उंची दुप्पट केली की वारंवारिता चौपट उतरते. म्हणून उंचीत पाव मिलिमीटरची चूक झाली तरी वारंवारिता १२ टक्क्यांच्या आसपास हलते. गोंद इथे कमकुवत दुवा आहे. पट्टी पत्र्यातूनच मिलिंग करून काढली तर उत्तर गणिताच्या जवळ येतं.

एका बाजूने पाडलेली खाचही हेच करते. खाचेची खोली शून्य असेल तर रूपांतर शून्य, आणि ती पत्र्याच्या आरपार गेली तर तो पुन्हा सममित काठ, म्हणजे परत शून्य. कमाल मध्ये कुठेतरी. भेग शोधणाऱ्यांना हेच हवं असतं: चांगल्या पत्र्यात एस-झिरोतून ए-झिरो निघायला नको, निघाली तर एका बाजूने काहीतरी उघडलं आहे. तुलनेसाठी जुनी मोजणी लागत नाही, म्हणून तापमानाचा वर सांगितलेला घोळही बराच टळतो. पण भेग पत्र्याला आरपार आणि सरळ असेल तर ही युक्ती गप्प बसते, हे लक्षात ठेवावं. तिथे तिरक्या कोनातून एसएच-झिरो शोधावी.

कंप शोषून घेण्यासाठीही एस-झिरोतून ए-झिरो केलेली फायद्याची ठरते. रबरासारखा शोषक थर वाकणाऱ्या पत्र्यातून ऊर्जा चांगली काढतो, तळातल्या तळात ताणल्या जाणाऱ्या पत्र्यातून तितकी काढत नाही. आधी काठावर रूप बदलायचं आणि मग थराने गिळायचं, हा क्रम उलटा केला तर थर नुसता वजन वाढवतो.

वारंवारिता-जाडीचा गुणाकार १.५६ च्या वर नेला की वरचे सोपे नियम एकेक करून सुटतात. सममिती तेवढी टिकते, पण प्रत्येक गटात दोन-तीन मोड शिरतात आणि कोन वारंवारितेनुसार बदलू लागतो. ॲल्युमिनियममध्ये २.९ च्या जवळ तर असा एक मोड सापडतो ज्याची शिखरं एका दिशेने सरकतात आणि ऊर्जा उलट दिशेने वाहते. साधी लाट काठावर आपटून या मोडमध्ये बदलली की परतणारा किरण लंबाच्या पलीकडे न जाता आलेल्याच बाजूला वळतो, आणि एका बिंदूतून निघालेली लाट सपाट काठावरून परतताना पुन्हा एकत्र येऊ शकते. सपाट काठाने आरशाच्या वाटीचं काम करावं, हे घडतं ते केवळ रूपांतरामुळे. त्यासाठी मात्र चकती-गोंदाची जुळणी पुरत नाही. लेझरने लाट उठवणं आणि लेझरनेच बिंदूबिंदू मोजणं भाग पडतं, आणि पत्र्याची जाडी सगळीकडे टक्क्याच्या आत एकसारखी असावी लागते. बाजारात मिळणाऱ्या पत्र्याला आधी मायक्रोमीटर लावून पाहा. बरेच पत्रे इथेच नापास होतात.